पोटांतील दाह व व्रण आणि आपल्या धुऱ्यावरील वनौषधी

यवतमाळ जिल्ह्यांत कापसाच्या वेंचणीचे व तुरीच्या सोंगणीचे दिवस आले म्हणजे बाजाराच्या दिवशीं औषधांच्या दुकानांतून एकाच पिशवींत दोन वस्तू घरीं जातांना दिसतात: अंगदुखीच्या गोळ्या व पित्ताच्या पुड्या. पहिल्या वस्तूनेंच पुष्कळदां दुसरीची गरज उत्पन्न होते, हा संबंध मात्र घेणाराच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. कंबर धरली, गोळी घेतली. छातींत जळजळ झाली, पुडी घेतली. पुडीनें भागेना तेव्हां कोणी शतावरी सांगितली, कोणी कोरफड सांगितली. येणेंप्रमाणें हंगाम निघून जातो, आणि पोटाच्या आंत काय चाललें आहे हें एखाद्या दिवशीं रक्ताची ओकारी झाल्यावरच कळतें. पोटाच्या या विकारांवर वनस्पतींचा उपयोग काय व किती, अशी विचारणा सभासदांकडून वरचेवर होते. करितां तो विषय या अंकीं थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पोटाची रचना ध्यानांत घ्यावी. जठरांत जें आम्ल पाझरतें तें हायड्रोक्लोरिक ॲसिड होय. तें व त्याच्या जोडीचा पाचक रस मिळून मांसाचा तुकडाहि विरघळवून टाकतात. मग मांसाचेंच बनलेलें जठर स्वतःला कां पचवीत नाहीं? याचें कारण असें कीं, त्याच्या अस्तरावर एक बुळबुळीत लेप सतत तयार होत असतो व त्या लेपांत आम्लास मारणारा क्षार पाझरत असतो. अस्तराच्या झिजलेल्या पेशींच्या जागीं थोड्याच दिवसांत नव्या पेशी येतात. हा लेप, हा क्षार व अस्तराचा रक्तपुरवठा कायम राखण्याचें काम शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें करितात. लेप पातळ पडून अस्तर लाल झालें व सुजलें म्हणजे तो दाह. आणि आम्लानें अस्तर खाऊन खोल खळगा पडला म्हणजे तो व्रण, ज्यास डॉक्टर लोक अल्सर म्हणतात. असे व्रण जठरांत पडतात, तसेच त्याच्या पुढील लहान आंतड्याच्या आरंभींहि पडतात.

आतां अंगदुखीची गोळी काय करिते तें पाहूं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इत्यादि औषधें शरीरांत प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचें काम अडवितात, हें जॉन वेन या इंग्रज संशोधकानें १९७१ सालीं दाखविलें व पुढें १९८२ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. सांध्यांतील ठणका त्यामुळें थांबतो; पण त्याच द्रव्यांवर पोटाचा लेप अवलंबून असल्यामुळें अस्तरहि उघडें पडतें. जेवून गोळी घेतली म्हणजे धोका टळला असा जो समज आहे तो अर्धाच खरा आहे. उपाशी पोटीं गोळी घेऊं नये हें ठीकच. परंतु गोळीचा परिणाम रक्तावाटेहि होतो, म्हणून रोज घेणारास जेवण पुरतें वांचवीत नाहीं. टोंचून घेतलेल्या औषधानेंहि व्रण पडूं शकतो तो याच कारणानें.

दुसरें व त्याहूनहि मोठें कारण एक जंतु आहे. १९८२ सालापर्यंत मोठमोठे वैद्य व डॉक्टरहि असेंच सांगत कीं, चिंता, जागरण व तिखट यांनीं पोटांत व्रण पडतात. त्या सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या दोघांनीं रोग्यांच्या जठरांतून एक पिळदार जंतु वेगळा काढून वाढविला. त्याचें नांव पुढें हेलिकोबॅक्टर पायलोरी असें रूढ झालें. आम्लांत जंतु जगणेंच शक्य नाहीं असें म्हणून लोकांनीं त्यांची गोष्ट मानली नाहीं. तेव्हां मार्शल यानें १९८४ सालीं त्या जंतूंचें पाणी स्वतः प्राशन केलें व थोड्याच दिवसांत त्याच्या जठरास सूज आलेली दुर्बिणीनें तपासून सिद्ध केली. २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु बहुधा लहानपणींच घरांतील माणसांच्या तोंडावाटे किंवा घाणीच्या पाण्यावाटे पोटांत शिरतो व औषध न घेतल्यास जन्मभर राहतो. आपल्या देशांत निम्म्याहून अधिक प्रौढ माणसांच्या पोटांत तो आढळतो. त्या सर्वांस व्रण होत नाहीं. पण ज्यांस व्रण होतो त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत हा पाहुणा असतोच.

हीं दोन कारणें ज्यास समजलीं त्यास वनौषधीचें क्षेत्र कोणतें हेंहि समजेल. वनस्पति लेपास पुष्टि देऊं शकते, दाह शमवूं शकते, पोट पुढें सरकण्यास मदत करूं शकते. पण रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीची भरपाई ती करूं शकत नाहीं, व जंतूसहि ती घरांतून हुसकून लावूं शकत नाहीं. कांचेच्या बशींत लसूण, हळद अशा अनेक पदार्थांनीं तो जंतु मरतो हें खरें आहे. जठरांत तो लेपाच्या आड दडून बसलेला असतो, तेथें तीं औषधें पुरीं पडत नाहींत. पाट जेथें फुटला आहे तेथें न लिंपतां वरून पाणी वाढवीत राहावें, तसें जंतु व गोळी कायम ठेवून केवळ चूर्णें घेणें होय. जंतूसाठीं डॉक्टर दोन-तीन जंतुनाशक औषधें व आम्ल कमी करणारी गोळी अशी मात्रा साधारणपणें चौदा दिवस देतात. तिसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून ती सोडूं नये. एकाच विषास सरावलेली गुलाबी बोंडअळी आमच्या वाचकांनीं आपल्या कपाशींत पाहिली आहे. अर्धवट औषधास जंतूहि तसाच सरावतो.

आपल्या जुन्या वैद्यकास हा रोग अपरिचित नव्हता. काश्यपसंहितेंत अम्लपित्ताचें वर्णन आहे, आणि माधवनिदानांत अन्न पचत असतां उठणारा तो परिणामशूल व भोजनाच्या वेळेशीं संबंध न ठेवणारा तो अन्नद्रवशूल असा भेद केलेला आहे. हा भेद आजहि कामाचा आहे. जेवल्यानें दुखणें थांबतें व दोन-तीन तासांनीं किंवा मध्यरात्रीं पुन्हा उठतें, असें असल्यास आंतड्याच्या आरंभींच्या व्रणाचा संशय घ्यावा. जेवतांच वाढत असल्यास जठराचा. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं आठ दिवस दुखण्याची वेळ एका कागदावर टिपून न्यावी. तेवढ्यानें त्यांचें अर्धें काम होतें.

वनस्पतींपैकीं पहिला मान आम्ही शतावरीस देतों. घाटंजी, केळापूर, झरी-जामणीकडील सागवानी रानांत ही कांटेरी वेल ठिकठिकाणीं आढळते. पानें सुईसारखीं बारीक, आणि जमिनींत एका खोडाभोंवतीं बोटाएवढ्या जाड पांढऱ्या मुळ्यांचा झुबका. कोलाम व गोंड मंडळींस ती चांगली ओळखीची आहे. तिच्या मुळ्यांचा रस बुळबुळीत व गोडसर असून तो अस्तरास सुखावह होतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत आठ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाला. शतावरीनें जठर नेहमींपेक्षां लवकर रिकामें होतें, असें त्यांत दिसून आलें. अन्न तासन्‌तास पोटांत तुंबून आंबट ढेंकर येतात त्यांस हिचा उपयोग कां होतो, हें यावरून उमजतें. चूर्ण तीन ते सहा ग्रॅम कोमट दुधाशीं घेण्याचा प्रघात आहे. आठ माणसांवरील प्रयोग म्हणजे कांहीं शेवटचा निकाल नव्हे. पण निरोगी माणसावर कां होईना, मोजून पाहिलेलें आहे, हें सुद्धां कांहीं थोडें नाहीं.

जेष्ठमधाची कथा अधिक बोधप्रद आहे. हॉलंडांतील रेव्हर्स नांवाच्या डॉक्टरानें १९४६ सालीं जेष्ठमधाच्या अर्कानें जठराचे व्रण भरून येतात असें प्रसिद्ध केलें. आणि त्याच वेळीं कित्येक रोग्यांच्या चेहऱ्यावर व पायांवर सूज येते हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें. त्या मुळांतील द्रव्यापासून पुढें कार्बेनोक्सोलोन नांवाचें औषध निघालें व १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत तें व्रणांवर पुष्कळ दिलें गेलें. तें उपयोगी पडलें. परंतु त्यानें अंगांत पाणी व मीठ सांचतें, रक्तदाब चढतो व रक्तांतील पोटॅशियम घटतें. अधिक निर्धोक औषधें मिळतांच तें मागें पडलें. जी वनस्पति गुणकारी असते ती निरुपद्रवी असतेच असें नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तेव्हां जेष्ठमधाचें चूर्ण घ्यावयाचें तर दिवसास दोन ते चार ग्रॅमपेक्षां अधिक नको व थोड्या आठवड्यांपलीकडे नको; रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं व गरोदर स्त्रियांनीं तर मुळींच घेऊं नये. हें झाड आपल्याकडचें नव्हे. बाजारांतील बहुतेक माल अफगाणिस्तान, इराण वगैरे देशांतून येतो, म्हणून लागवडीच्या गप्पा ऐकून कोणी याच्या नादीं लागूं नये.

याउलट पैनगंगेच्या कांठीं, उमरखेड-महागांवकडे, दोन पिकें घरचींच आहेत: केळी व हळद. कच्च्या केळ्याचा गर वाळवून केलेल्या पिठानें ॲस्पिरिन दिलेल्या उंदरांच्या जठरांतील व्रण टळले व झालेले भरूनहि आले, असें इंग्लंडांतील संशोधकांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. काशी हिंदू विश्वविद्यालयांतील संशोधकांनींहि या विषयावर पुष्कळ श्रम घेतले असून, कच्च्या केळ्यानें अस्तराचा लेप व पेशींची वाढ या दोन्हींस बळ येतें असें त्यांस आढळलें. उंदीर म्हणजे शेतकरी नव्हे हें आम्ही जाणतों. पण कच्चें केळें हें अन्नच आहे, त्यानें अपाय होण्याचें भय नाहीं, आणि बाजारभाव पडला म्हणजे घड बांधावर फेंकण्यापेक्षां चकत्या करून सावलींत वाळवून पीठ ठेवणें केव्हांहि शहाणपणाचें. त्याची पातळ लापशी आजाऱ्यास चालते.

हळदीविषयीं तर माणसांवरचा चांगला प्रयोग झाला आहे. थायलंडांत दोनशेंहून अधिक रोग्यांवर केलेला हा प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींस हळदींतील कर्क्युमिन, कांहींस आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल ही नेहमींची गोळी व कांहींस दोन्ही अशीं अठ्ठावीस दिवस दिलीं; जेवणानंतर पोट जड होणें, दुखणें या तक्रारींत तिन्ही गटांस सारखाच आराम पडला. येथें एक गोष्ट विसरूं नये. हे रोगी व्रण नसलेले होते. व्रण भरण्याचा हा पुरावा नव्हे. शिवाय दिलेली मात्रा दिवसास दोन ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे भाजींतल्या चिमूटभर हळदीच्या कितीतरी पट होती. असें तीव्र सत्त्व महिनोन्‌महिने आपल्या मनानें घेतल्यास कांहीं जणांच्या यकृतास इजा होते. घरच्या हळदीचें दूध प्यावें, सत्त्वाच्या डब्या उठून आणूं नयेत.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत. आवळा आंबट असूनहि वैद्य तो पित्तशामक मानतात. इराणांत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चार आठवडे आवळ्याच्या गोळ्या घेणारांची छातींतील जळजळ कमी झाल्याचें आढळलें. बेलाचा पिकलेला गर सरबतास उत्तम व कच्च्या फळाची वाळलेली काचरी हगवणीस. व्रणावर तिचा भरंवसा धरूं नये. कोरफडीचा आंतील स्वच्छ गर तेवढा घ्यावा. पान कापल्यावर सालीखालून जो पिंवळा कडू चीक गळतो तो जालीम रेचक आहे, म्हणून पान उभें करून चीक पूर्ण निथळूं द्यावा व गर धुवून घ्यावा. गरोदर स्त्रीस कोरफड पोटांत देऊंच नये. गुळवेल पित्तावर सर्रास घेतात. मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांस यकृताचा दाह झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. वाद असो. दिसण्यांत तिच्यासारख्या दुसऱ्याहि वेली असतात, म्हणून ओळखीच्या माणसाकडूनच ती घ्यावी, आणि कावीळ होऊन गेलेल्यांनीं टाळावी. कोबीचा ताजा रस हा अमेरिकेंतील प्रकार: १९४९ सालीं चेनी नांवाच्या डॉक्टरानें तेरा रोग्यांस तो रोज सुमारें लिटरभर पाजून व्रण लवकर भरल्याचें लिहिलें. आमच्या भाजीवाल्या सभासदांस हें ऐकून आनंद होईल, पण रोज लिटरभर कोबीचा रस पिणारा माणूस आम्हीं अद्यापि पाहिलेला नाहीं.

दूध प्याल्यानें क्षणभर थंड वाटतें, मात्र पुढें तें आम्ल वाढवितें. औषध म्हणून तासातासास दूध पिण्याचा जुना उपचार डॉक्टरांनीं सोडून दिला तो याच कारणानें. खाण्याच्या सोड्याचें तसेंच. त्यानें वायु होतो, व रोज घेतल्यास अंगांत मीठ चढतें. तिखटानें व्रण पडत नाहीं, हें वऱ्हाडी जेवणाच्या शत्रूंनीं ध्यानांत घ्यावें; पडलेला व्रण तिखटानें झोंबतो मात्र, म्हणून तो भरेपर्यंत ठेचा बाजूस ठेवावा. विडी ओढणाराचा व्रण उशिरां भरतो व पुन्हा पडतो, हें ठरलेलें आहे. खर्ऱ्याची लाळ जो गिळतो त्याच्या पोटांत तंबाखू व चुना दोन्ही जातात. शतावरी एका हातांत व खर्रा दुसऱ्या हातांत घेणारास आम्हीं काय सांगावें?

आतां ज्या ठिकाणीं वनौषधीचा विचारहि करूं नये तीं ठिकाणें सांगतों. शौचास डांबरासारखें काळें व चिकट होणें, ओकारींत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखें कांहीं पडणें, एकाएकीं पोटांत सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट फळीसारखें कठीण होणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. रात्र असली तरी थांबूं नये. लोहाच्या गोळ्या खाणाऱ्या स्त्रियांचेंहि शौच काळें होतें, पण तें डांबरासारखें चिकट व दुर्गंधी नसतें. अन्न गिळतांना अडकणें, वजन उतरत जाणें, अंग पांढुरकें पडणें, किंवा पन्नाशीच्या पुढें प्रथमच पित्ताचा त्रास सुरू होणें, हीं लक्षणें दिसल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. कांहीं वेळां तो व्रण नसून कर्करोग असतो. हृदयासाठीं डॉक्टरांनीं ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती आपण होऊन बंद करूं नये. पोटाची तक्रार त्यांस सांगावी, ते जोडीस दुसरें औषध देतात. साध्या अंगदुखीस पॅरासिटामॉल पोटास बरीच सौम्य आहे. सांध्यांवरच्या बिननांवाच्या पुड्या मात्र, त्या जडीबुटीच्या म्हणून विकल्या जात असल्या तरी, घेऊं नयेत. अशा पुड्यांत वेदनाशामक औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेलें अनेकदां सांपडलें आहे.

फवारणीचा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता निराळा आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्या विषाचीं पहिलीं लक्षणें मळमळ, ओकारी व पोटांत मुरडा हींच असतात, आणि घरचीं माणसें तें पित्त समजून लिंबू-सरबत देत बसतात. फवारणीच्या दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं पोट ढवळून येऊन त्याबरोबर घाम, तोंडास लाळ, अंधुक दिसणें किंवा स्नायूंचें फडफडणें असल्यास तें पित्त नव्हे. कपडे उतरावे, अंग साबणानें धुवावें, ओकारी मुद्दाम काढूं नये, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. तेथें गेलेली एक घटका कोणत्याहि चूर्णानें परत मिळत नाहीं.

राहतां राहिली लागवड. या शतकाच्या आरंभीं पांढऱ्या मुसळीच्या व कोरफडीच्या नांवानें बियाणें महाग विकून माल परत घेण्याचीं वचनें देणारे पुष्कळ फिरले. त्यांत हात पोळलेले शेतकरी अद्यापि हयात आहेत. म्हणून शतावरीचेंहि एकरभर पीक एकदम घेण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. धुऱ्यावर ती लावावी. कांटेरी असल्यामुळें कुंपणास तिची मदत होते व घरचें औषध घरीं राहतें. तांबूस, मुरमाड, पाणी न थांबणारी बरड जमीन तिला मानवते; भारी काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी सांचून मुळ्या सडतात, तेथें उंच वरंबा करावा. पिकलेल्या लाल फळांचें बीं उन्हाळ्याच्या शेवटीं वाफ्यांत किंवा पिशव्यांत टाकावें. उगवण सावकाश होते, धीर धरावा. पाऊस स्थिर झाल्यावर दोन-दोन फुटांवर रोपें लावून वेलास चढण्यास काठी द्यावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत नागार्जुन वनौषधि उद्यान आहे. तेथें झाड प्रत्यक्ष पाहून मग लावल्यास ओळखींत चूक होत नाहीं.

दीड-दोन वर्षांनीं, वेल पिंवळी पडूं लागली म्हणजे, हिवाळ्यांत मुळ्या काढाव्या. सगळा झुबका न उपटतां बाहेरच्या अंगाच्या जाड मुळ्या घेऊन कोंबासह थोड्या मुळ्या पुन्हा मातींत पुराव्या, म्हणजे तेंच झाड पुढें चालतें. रानांतील शतावरीसहि हाच नियम लावावा. ग्रामसभेस २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर हक्क मिळाला आहे, तेव्हां झुबके समूळ उपटून नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या माणसास अडविणें तिच्याच हातीं आहे. मुळ्या धुवून थोडा वेळ उकळत्या पाण्यांत धराव्या, साल व मधला धागा काढावा व सावलींत वाळवाव्या. दहा किलो ओल्या मुळ्यांची वाळून जेमतेम किलो-सव्वा किलो भरते, हा हिशेब व्यापाऱ्याशीं बोलतांना ध्यानांत ठेवावा. पावसाळ्यांत तिला बुरशी लवकर येते, म्हणून मोडतांना कट्‌कन आवाज होईल इतकी वाळल्यावरच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी, आणि चूर्ण लागेल तसें थोडथोडें कुटून घ्यावें.